दार कुणी उघडलं होतं?

पत्र

मी ४२ वर्षांची आहे. दहा-अकरा वर्षांची असताना बाबांचा धंदा बुडाला आणि पैसे मागायला माणसं घरी यायला लागली. एका रात्री जोरजोरात दार वाजलं. बाबा आतल्या खोलीत कपाटामागे जाऊन उभे राहिले, आईने दिवा घालवला आणि मी दार किलकिलं करून म्हणाले, 'बाबा घरी नाहीत.' त्या रात्रीवर मी एका अंकात लेख लिहिला. तो खूप वाचला गेला. मग एका चॅनेलवर मुलाखत झाली, तिला मथळा दिला 'बापासाठी खोटं बोललेली पोर'. त्या मुलाखतीला जाताना मी रोजचे कपडे न घालता मुद्दाम एक साधा, विटलेला ड्रेस निवडला. आता ते आठवलं की लाज वाटते. रोज जीन्स घालून ऑफिसला जाणारी बाई मी. आणि तिथे कोण होऊन गेले होते? किती ठरवून केलं मी ते! आता एक प्रकाशक पुस्तक मागतो आहे. 'संघर्ष पुढे आणा,' असं त्याचं म्हणणं. दरम्यान धाकट्या भावाचा फोन आला. 'ताई, दार मी उघडलं होतं. तू पांघरुणात होतीस.' मी त्याच्यावर चिडले. आईला आता नीट आठवत नाही. बाबा आहेत, पण त्यांनी लेख वाचला का, हे विचारायचा धीर मला झालेला नाही. मी खोटी आहे का? पुस्तक लिहू का? लिहिलं तर त्यात नेमकी कुठली मी असावी?

— थोरली

उत्तर

प्रिय थोरली,

ड्रेसबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत आणि भावाचा फोन मात्र उरकून टाकलात. म्हणून मी फोनपासूनच सुरुवात करते. ड्रेसची लाज परवडते. ती कबूल केली की आपण किती प्रामाणिक आहोत, असंही वाटून घेता येतं. फोनचं तसं नाही. लेख, मुलाखत, पुस्तकाची बोलणी, सगळं त्या एका दारावर उभं आहे, आणि ते दार तुमचं नव्हतं असं कुणी म्हटलं तर चिडायला होणारच.

खोटी आहात का? नाही. निदान फोन येईपर्यंत तरी नव्हतात.

भावंडांमध्ये आठवणींची अदलाबदल होते, आणि ती आपल्याला वाटतं त्याहून सर्रास होते. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक जोड्यांमध्ये एखाद्या प्रसंगाबद्दल दोघांचंही म्हणणं एकच निघालं: हे माझ्या बाबतीत घडलं, दुसरा फक्त तिथे होता. यात कुणी थापा मारत नव्हतं. जुळी नसलेल्या भावंडांत आणि मित्रमैत्रिणींतही हे आढळलं, पण कमी प्रमाणात. घर तेच, रात्र तीच, आणि पुढे तो प्रसंग घरात इतक्यांदा बोलला जातो की ऐकलेलं कुठे संपतं आणि पाहिलेलं कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. एवढं स्पष्ट दिसतंय म्हणजे आपण तिथे असणारच, असं मन धरून चालतं.

मला त्याहून रंजक वाटतो तो याच मंडळींचा पुढचा अभ्यास. वादातल्या कुठल्या आठवणी माणूस स्वतःकडे ठेवतो, असं त्यांनी पाहिलं. पराक्रमाच्या ठेवतो, स्वतःवर ओढवलेल्या आपत्तीच्या ठेवतो. आगळिकीच्या आठवणी मात्र भावंडाच्या नावावर सरकतात. आता तुमची ती रात्र बघा. तिच्यात आपत्ती आहे आणि पराक्रमही आहे. चिमुरडी पोर, दारात तावातावाने आलेली माणसं, आणि बापाला वाचवण्यासाठी तिने उच्चारलेलं एक वाक्य. इतकी सोयीची आठवण क्वचित कुणाच्या वाट्याला येते.

यावरून भावाचंच बरोबर, असं ठरवून मोकळ्या होऊ नका. हाच नियम त्यालाही लागू आहे. दार उघडणारा होणं त्यालाही आवडेल. त्यातून ताईचा लेख गाजल्यावर तर जास्तच. दार तुमच्या आईने उघडलं असेल आणि तुम्ही दोघं तिच्यामागे असाल, हेही अगदी शक्य आहे.

तर चुकणं आणि खोटं बोलणं या दोन्हींत फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. जेम्स फ्रे या अमेरिकन लेखकाने २००३ साली व्यसनमुक्तीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, ते लाखोंनी खपलं. २००६ च्या जानेवारीत उघड झालं की ज्या तुरुंगवासाचे त्याने ८७ दिवस रंगवले होते, तो प्रत्यक्षात काही तासांचा होता. प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. आपण किती वेळ आत होतो हे फ्रेला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण आता शंका आहे हे तर ठाऊक आहे ना? यापुढे तोच प्रसंग त्याच ठसक्यात सांगितलात, तर मात्र मी तुमची बाजू घेणार नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. 'कुठली मी असावी' असं तुम्ही विचारता, म्हणजे एक खरी मी आत कुठेतरी तयार बसलेली आहे, फक्त तिला हात धरून पानावर आणायचं आहे, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तसं कुणाचंच नसतं. पानावरची मी बेतावी लागते. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, कुणाला बोलू द्यायचं, हे ठरवलं की ती घडायला लागते. ज्यांनी आत्मचरित्रं मनापासून लिहिली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिलं तेव्हा स्वतःची सरळ दोन माणसं केली. आयुष्य जगलेला दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला, लेखक झालेला दया पवार ते ऐकतो. एकाच माणसातली ती फट झाकायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. उलट पुस्तकाच्या तोंडाशीच ती दाखवून दिली. आता लिहिणारा आणि तेव्हा भोगणारा हे दोघं एक नाहीत, हे वाचकाला आधीच कळतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं त्याला पटत जातं.

तेव्हा बेतलेली मी म्हणजे नकली मी, ही समजूत काढून टाका. पानावरची मी बेतलेली असतेच. मी दुसराच प्रश्न विचारेन: ती कुणाच्या सोयीने बेतली आहे?

अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याचं उदाहरण देते. आत्मचरित्र म्हणजे स्वतःची उलटतपासणी, ही कल्पना ज्यांनी रुळवली त्यांत तो अग्रभागी. माणूस जसा आहे तसा सगळाच्या सगळा दाखवीन, अशी प्रतिज्ञा करून त्याने 'कबुलीजबाब' लिहिले. त्यात तरुणपणीची एक गोष्ट आहे. एका घरात नोकर असताना त्याने एक रिबन चोरली, सापडला, आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मारियों नावाच्या मुलीवर आळ घेतला. दोघांनाही काढून टाकलं. ही बोच आयुष्यभर छळत राहिली, असं तो लिहितो. इथपर्यंत ठीक. पण पुढे तो हेही सांगतो की तिचंच नाव तोंडून निघालं, कारण तिच्याबद्दल त्याला ओढ होती, ती मनात होती! म्हणजे आळ घेतला तोही प्रेमापोटी. मला हा उतारा कमालीचा आवडतो, कारण माणूस कबुली देता देता स्वतःला कसा सोडवून घेतो हे इतक्या उघडपणे क्वचित दिसतं. मारियोंचं पुढे काय झालं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिने लिहिलेलं पुस्तक नाही.

गंमत म्हणजे हेच हस्तलिखित तो पॅरिसमध्ये लोकांना वाचून दाखवायला लागला, तेव्हा त्यात जिचा उल्लेख होता त्या मादाम देपिने यांनी १७७१ मध्ये पोलिसांकडे धाव घेऊन ती वाचनं बंद पाडली. 'माझ्याबद्दल असं का लिहिलंस' हे भांडण तुमच्या घरात पहिल्यांदा झालेलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

तर तुमच्या लेखातली मी कुणाच्या सोयीने उभी आहे? तो मला वाचायला मिळालेला नाही, पण तुमच्या पत्रात त्या रात्रीचं जे वर्णन आहे त्यावरून सांगते. बाबा कपाटामागे. आई दिवा घालवते. भाऊ कुठे आहे? तुमच्या वर्णनात तो नाहीच. घरात चार माणसं होती आणि चौथं माणूस त्या रात्रीतून गायब आहे. त्याने फोन केला तो दार परत मागायला केला असेल. पण मला वाटतं आपण तिथे होतो एवढं सांगायलाही केला असेल.

एक काम करा. पुस्तकाचा विचार बाजूला ठेवून ती रात्र पांघरुणातून लिहा. भावाचं खरं असो वा नसो, क्षणभर खरं माना. थोरली मुलगी अंथरुणात आहे, तोंडावर पांघरूण ओढलेलं. बाहेर दार वाजतं आहे. आपल्याहून लहान भाऊ उठतो, त्याच्या पावलांचा आवाज येतो, कडी सरकते, आणि तो जे बोलतो ते तिला ऐकू येतं. ती उठत नाही. का उठत नाही? घाबरली आहे की झोपेचं सोंग घेते आहे? दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती त्याच्याशी काय बोलते? मला विचाराल तर ही रात्र तुम्ही छापलेल्या रात्रीपेक्षा कितीतरी जास्त लिहिण्यासारखी आहे. दार उघडणारी मुलगी शूर आहे, वाचक तिला दाद देतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. पांघरुणातल्या मुलीपाशी तो अडकतो, कारण तीही त्याच्या ओळखीची आहे. आणि बाईसाहेब, आठवण पांघरुणातून उठून दारापर्यंत चालत गेली असेलच, तर ती का गेली असेल, हा तुमच्या पुस्तकाचा खरा विषय ठरू शकतो. मी फक्त अंदाज करते आहे. लिहून बघितल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

कादंबरी म्हणून लिहिलं तर ही कटकट टळेल का, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण प्रकाशक कधीतरी सुचवेलच. टळते, थोडी. १९७५ मध्ये फिलिप लजन या फ्रेंच अभ्यासकाने आत्मचरित्र हा लेखक-वाचकांमधला करार आहे, असं मांडलं: मुखपृष्ठावरचं नाव, निवेदकाचं नाव आणि ज्याची गोष्ट आहे त्याचं नाव, तिन्ही एकच, एवढ्या बोलीवर वाचक विश्वास टाकतो. कादंबरीत ती बोली नसते, म्हणून भावाला तिथे हरकत घ्यायला जागा राहत नाही. पण घरच्यांना काय कळत नाही? नावं बदलल्याने कपाट बदलत नाही. आनी एर्नो या फ्रेंच लेखिकेने आपल्या बेकायदा गर्भपाताचा अनुभव १९७४ मध्ये आधी कादंबरीत लिहिला, दुसऱ्याच नावाच्या नायिकेला देऊन. मग २००० साली तोच अनुभव तिने पुन्हा हाती घेतला, यावेळी स्वतःच्या 'मी'ने, डायरीतल्या नोंदी पडताळत. पहिलं पुस्तक खोटं होतं म्हणून दुसरं लिहिलं असं नव्हे. मधल्या काळात लिहिणारी बदलली होती. तुमचा लेखही एका वेळच्या तुम्ही लिहिला. त्याला आयुष्यभर बांधून घ्यायची गरज नाही.

एर्नोचं नाव निघालंच आहे तर बाबांकडे वळते. या भागाबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

तिचे वडील छोटं कॅफे आणि किराणा दुकान चालवायचे. ते गेल्यावर तिने त्यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली, आणि मधेच तिला स्वतःचीच किळस आली. गरजेपोटी राबलेल्या माणसाचं आयुष्य घेऊन आपण ते कलात्मक, हृदयस्पर्शी वगैरे करायला निघालो आहोत, हे तिला झेपेना. मग तिने ठरवलं की सपाट लिहायचं, घरी पत्र लिहावं तसं. वडिलांचे शब्द, सवयी, त्यांना कशाची लाज वाटायची, एवढंच. १९८३ साली ते छोटंसं पुस्तक आलं. त्यात वडिलांची कीव कुठेही वाटत नाही, आणि लेकीचं कौतुकही वाटत नाही. स्वतःला चांगलं दिसू द्यायची संधी तिने पानोपानी सोडली आहे.

तुमचे बाबा तर हयात आहेत. कपाटामागे उभे असलेले बाबा हजारो लोकांनी पाहिले आणि त्यांना कुणी विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, माझंही बालपण होतं, मला लिहायचा हक्क नाही का? आहे. पूर्ण आहे. हयात माणसाबद्दल लिहूच नये असा नियम केला तर आत्मचरित्राची अर्धी कपाटं रिकामी होतील. सुनीता देशपांडे यांनी १९९० मध्ये संसाराबद्दल लिहिलं तेव्हा पु. ल. हयात होते, आणि वाचकांत केवढी खळबळ उडाली! तरी ते पुस्तक आज आपल्याला हवं आहे. तेव्हा परवानगी मागा असं मी म्हणत नाही. परवानगी मागितली की समोरच्याला नाही म्हणायची जबाबदारी देतो आपण, आणि त्याने हो म्हटलं तर लिहिल्याचं ओझंही त्याच्यावर टाकतो.

विचारा मात्र जरूर. आणि 'लेख वाचलात का' असं नका विचारू. त्याला हो किंवा नाही यापलीकडे उत्तर नाही, आणि दोन्ही उत्तरं तुम्हाला छळतील. त्या रात्रीबद्दल विचारा. ते कपाटामागे होते. दिवा गेलेला होता. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. बाहेरची माणसं काय बोलली, किती जण होती, ओळखीचा आवाज होता का, नंतर ते किती वेळ तसेच उभे राहिले. आजवर या रात्रीची गोष्ट तुमच्या कुटुंबात मुलांनी सांगितली आहे. ज्याच्यासाठी दार वाजलं त्याने ती सांगितलेली नाही. कदाचित ते सांगणारही नाहीत. 'सोड ना आता' म्हणतील. तेही लिहिता येतं, आणि माझ्या मते लिहावंच.

काही गोष्टी तरीही बाहेर ठेवाल. ठेवा. सगळं सांगितलं तरच खरं, हा अलीकडचा हट्ट आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. कित्येक वर्षं त्यांनी ते घरच्यांपासून लपवून लिहिलं होतं. नवऱ्याचा संशय, मारहाण, यांबद्दल पुस्तकात जवळपास काही नाही. ते पुढे एका मुलाखतीत आलं, विचारल्यावर. समाजाच्या जगण्याचं पुस्तक त्यांना लिहायचं होतं आणि त्यात स्वतःच्या दुःखाला त्यांनी मागच्या रांगेत बसवलं. तुम्ही गाळलं आणि त्यांनी गाळलं, यातला फरक लक्षात घ्या. तुमच्या वर्णनातून भाऊ गळला आणि तुम्ही मोठ्या झालात. त्यांनी स्वतःवरचा अन्याय गाळला आणि पुस्तकात इतर बायांना जागा मिळाली.

ड्रेसबद्दल आता बोलते, थोडक्यात. विसरून जा. कॅमेऱ्यासमोर जाताना प्रत्येक माणूस कपडे निवडतो, जो 'मी काही निवडले नाहीत' म्हणतो त्यानेही ते निवडलेले असतात. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो १९०७ साली जन्मली आणि आयुष्यभर १९१० सांगत राहिली, कारण ते मेक्सिकन क्रांतीचं साल. त्यामानाने विटलेला ड्रेस फारच किरकोळ. पण तो निवडायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी तुम्हाला बरोबर कळलं काय शोभेल, याचा विचार करण्यासारखा आहे. प्रेक्षकाला दुःखातून वर आलेली बाई दिसायला हवी होती आणि जीन्स घालून ऑफिसला जाणारी बाई त्या चौकटीत मावत नव्हती. पुढच्या वेळी जीन्स घाला. चौकटीचं काय व्हायचं ते होईल.

खरी अडचण कपड्यांत नाही, प्रश्नांत आहे. 'त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?' हा मुलाखतींमधला सर्वांत आळशी प्रश्न आणि सर्वांत घातकही. तीस वर्षांपूर्वीच्या क्षणी काय वाटलं ते कुणाला आठवतं? पण समोर दिवे आहेत, माणूस टक लावून बसला आहे, गप्प राहणं उद्धटपणाचं वाटतं. मग आपण तिथल्या तिथे एक भावना तयार करतो, आणि पुढच्या मुलाखतीत तीच आठवण म्हणून सांगतो. दर वेळी गोष्ट थोडी गुळगुळीत होत जाते. कुठे थांबल्यावर लोक हळहळतात हे कळायला लागतं आणि आपण तिथे थांबायला लागतो. तुमच्या बाबतीत हे झालं असणार, कारण सगळ्यांच्याच बाबतीत होतं.

यावर एक साधा उपाय आहे. शंका वेगळ्या वाक्यात सांगू नका. संकलन करणारा ते वाक्य कापून टाकतो आणि तुमची खात्री तेवढी उरते. शंका मुख्य वाक्यातच गुंफा. 'आमच्यापैकी कुणीतरी, मी म्हणते मी आणि भाऊ म्हणतो तो, दार उघडलं' असं बोला. हे कापता येत नाही, कापलं तर गोष्टच जाते. शिवाय ऐकायलाही ते जास्त चांगलं आहे. भावना विचारली तर कृती सांगा. काय वाटलं ते आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी आईने घराच्या मागच्या बाजूची खिडकी बंद ठेवायला सांगितली, असं काही आठवत असेल तर तेवढंच. लिहितानाही हेच. भावनेपेक्षा खिडकी जास्त टिकते.

प्रकाशकाचं 'संघर्ष पुढे आणा' हे त्याच्या धंद्याच्या जागी बरोबर आहे. हाल, मग जिद्द, मग यश, ही वाट मळलेली आहे आणि मळलेल्या वाटेवर माल लवकर विकला जातो. पण मला सांगा, त्या वर्षांत तुम्ही कधी हसलात की नाही? दिवा घालवून बसल्यावर अंधारात तुम्ही दोघं भावंडं काय करायचात? माणसं येऊन गेल्यावर घरात कुणी पहिलं बोलायचं? वर्षानुवर्षं कुणी नुसता संघर्ष करत नाही. मधे जेवण असतं, गृहपाठ असतो, भांडणं असतात, कंटाळा तर खूपच असतो. हे सगळं काढून उरतो तो संघर्ष, आणि तो तुमच्या आणि दुसऱ्या कुणाच्याही पुस्तकात सारखाच दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी इतक्या वर्षांनी वाचाव्याशा वाटतात, याचं मोठं कारण म्हणजे बाईंनी आपल्या हालांबरोबर आपला वेंधळेपणाही तितक्याच मजेने सांगितला. आयुष्यात संघर्ष काय कमी होता का त्यांच्या!

तेव्हा पुस्तक लिहा, पण आत्ता करारावर सही करू नका. आधी पांघरुणाची रात्र, मग बाबांशी बोलणं, मग निदान दोन-तीन प्रकरणं. ती आधी भावाला द्या, प्रकाशकाला नंतर. भावाला वाचायला द्यायचं म्हणजे खोडायला द्यायचं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. त्याला काही वेगळं आठवत असेल तर त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत पुस्तकात घ्या आणि तुमचं तुमच्या शब्दांत ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी राहू देत. वाचकाला त्याचा त्रास होत नाही, हा माझा अनुभव आहे. त्रास होतो तो सगळं जुळवून दिलं की.

आणि फोनवर त्याच्यावर चिडलात, तर आता तुम्हीच फोन करा. 'तुझं खरं असेल' एवढं म्हणा. 'तुझंच खरं' म्हणू नका, ते तुम्हाला ठाऊक नाही.

राहता राहिला छापलेला लेख. ज्या अंकात तो आला त्यांच्या संपादकांना चार ओळींचं पत्र पाठवा: दार कुणी उघडलं याबद्दल माझ्या भावाची आठवण वेगळी आहे आणि ती बरोबर असू शकते. माफी नको, खुलासे नकोत. पुढच्या अंकात ते छापतील किंवा लेखाखाली टीप देतील. चॅनेललाही तो मथळा बदलायला सांगा. बहुधा बदलणार नाहीत, इतक्या लोकांनी पाहिलेला मथळा कोण बदलतो. तरी ईमेलने लेखी सांगा आणि त्याची प्रत जपून ठेवा. पुस्तक आल्यावर कुणीतरी ती मुलाखत उकरून काढणारच, तेव्हा उपयोगी पडेल.

तुमची,
सदरलेखिका